कडक इस्त्रीचा रेनकोट

आमचे हे लोकांचे दात पोचवतात. डॉक्टरने पेशंटच्या जबड्याचा ठसा घेतला की तो लॅबमध्ये, लॅबने त्यावरून मेणाची कवळी केली की ती बसते का बघायला पुन्हा डॉक्टरकडे, डॉक्टरने खुणा करून दिल्या की परत लॅबमध्ये, आणि शेवटी पक्की कवळी घेऊन पुन्हा डॉक्टरच्या दारात. दिवसभर अशा येरझाऱ्या, मोटरसायकलवरून. सीटच्या मागे पत्र्याची पेटी बोल्ट मारून बसवली आहे, तिला आतून स्पंज लावलाय आणि स्पंजात डब्या खोचलेल्या असतात. मी ती पेटी कधी उघडत नाही. माणसाशिवाय दात बघितले की मला कसंसंच होतं.

आजवर ह्यांनी निम्म्या शहराची तोंडं चालती केली असतील, पण स्वतःचं तोंड उघडतील तर शपथ. चहा हवा का विचारलं तर मान हलते. नको असेल तरी मानच हलते, फक्त आडवी. माझी धाकटी नणंद म्हणते, दादाला लहानपणी कुणीतरी कवळी बसवली आणि काढायला विसरले.

माझं म्हणाल तर मी जळकी बाई आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, मागाहून कुणी मला सांगायला यायला नको. सुट्टीच्या दिवशी हे फडकं घेऊन मोटरसायकल पुसतात तेव्हा तिच्याकडे ज्या नजरेने बघतात, त्या नजरेवर मी जळते. एका आजीबाईंनी नवी कवळी बसल्यावर ह्यांना मुद्दाम बोलावून घेतलं आणि हसून दाखवलं. आजीबाई काठी धरून चालणाऱ्या, पण मी त्या दिवशी दोन घास कमी जेवले. स्वभावाला औषध नाही.

लाँड्री माझी आहे. वडिलांनी काढली, मी वाढवली. पुढे दुकान, मागे आमच्या दोन खोल्या, मध्ये धुण्याची फरशी, मशीन आणि इस्त्रीचं लांबलचक टेबल. दातांच्या लॅबचे पांढरे कोट आमच्याकडेच यायचे आणि ते घेऊन यायचे हे. कोटांवर मेणाचे डाग असत. डागाखाली कागद, डागावर कागद आणि वरून गरम इस्त्री फिरवली की मेण कागदात उतरतं. हे मी करत असताना हे काउंटरपाशी उभे राहून बघायचे. वडील म्हणाले, "मुलगा बोलत नाही, पण मळके कोटसुद्धा घडी करून आणतो." एवढ्यावर आमचं लग्न ठरलं. मला आजही वाटतं की ह्याहून कमी चौकशीत संसार सुखाचे झालेत.

आमच्याकडे पाऊस एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही. दात मात्र थांबत नाहीत. पेटीला ह्यांनी झाकणाभोवती रबर लावून घेतलंय, प्रत्येक डबी पिशवीत बांधलेली. लोकांचे दात कायम कोरडे आणि हे मात्र चिंब. वर्षानुवर्षं हेच. संध्याकाळी मागच्या दारात येऊन उभे राहायचे, बाहीतून पाण्याची धार, बुटांत पाणी, मांडीवर तर जणू तळं साचून आत उतरलेलं. मी बडबडत पुढे व्हायचे. जॅकेट सोलून काढायचे, मोजे पिळायचे, स्टुलावर बसवून डोकं खसाखसा पुसायचे. आणि त्या पुसण्याखाली हे बोलायचे! टेकडीवरच्या डॉक्टरची नवी मदतनीस बाई पेशंटपेक्षा जोरात किंचाळते. पुलाखाली बस बंद पडली. एका म्हाताऱ्याने कवळी परत पाठवली, म्हणे ह्यात मी माझ्या मेव्हण्यासारखा दिसतो. डोकं कोरडं झालं की बोलणं बंद. मी मुद्दाम सावकाश पुसायचे. खरं सांगते, माझ्या संसारातला सगळ्यात गोड वेळ तोच होता, बाकी नुसती मान.

रेनकोटाचं म्हणाल तर मी काही कमी केलं नव्हतं. बाजारातला महागातला जोड, जॅकेट आणि पँट, राखाडी रंगाचा. दर सुट्टीला मी तो ब्रशने घासून, पावडरीत भिजवून, नंतर मऊपणासाठी ते वासाचं पाणी घालून धुवायचे. वाळला की इस्त्री. पँटला मधोमध रेघ. सबंध शहरात पावसाळी पँटला रेघ असलेला माणूस एकच, आणि तो लाँड्रीवालीचा नवरा आहे हे लोकांना दिसायला नको? शर्टाची कॉलरसुद्धा मी स्टार्च करून जॅकेटच्या गळ्याबाहेर काढून द्यायचे, नीट दिसावी म्हणून. तरी रेनकोट गळायचाच. नवा आणला, तो चार धुण्यांत गळायला लागला. दुसऱ्या कंपनीचा आणला, त्याचीही चाळण. मी कंपन्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. गेल्या पावसाळ्यात ह्यांच्या छातीत कफ धरला, बरेच दिवस अंथरुणात गेले, तेव्हा तर मी दुकानदाराशी जाऊन भांडले. दुकानदार मला म्हणतो, "बाई, बाकी कुणाची तक्रार नाही." खोटारडा मेला.

यंदा पावसाळा लागला आणि हे कोरडे यायला लागले.

पहिल्या दिवशी मी टॉवेल घेऊन दारात उभी. बाहेर पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की एकमेकांचं ऐकू येऊ नये. हे आले ते जिन्याखाली मोटरसायकल लावून, नुसत्या शर्टात, हातात घडी केलेला रेनकोट. शर्ट कोरडा. मी बाही चाचपली, मोजे चाचपले. कोरडे. डोक्यावर हात फिरवला, हेल्मेटमुळे केस चपटे झालेले, पण ओले नाहीत.

"तिकडे पाऊस नव्हता का?"

"होता."

बस, एवढंच. टॉवेल माझ्या हातातच राहिला. मी चहा दिला, ह्यांनी घेतला, मान हलवली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पूल बंद व्हायची वेळ आली होती इतका पाऊस, आणि हे जणू कपाटातून काढल्यासारखे दारात उभे. कुणाला वाटेल, बायकोला आनंद व्हायला हवा. कफ नाही, खोकला नाही, पिळायला मोजे नाहीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण कोरडा माणूस बोलत नव्हता. आठवडा गेला, मला एक डॉक्टर कळला नाही की एक म्हातारा.

मी नणंदेला सांगितलं. ती म्हणजे आगीत तेल.

"वहिनी, एवढ्या पावसात कोरडा येतो म्हणजे कुठेतरी छपराखाली थांबत असणार दादा."

"थांबला तर उशीर झाला असता. वेळेवर येतात."

"मग काम लवकर उरकत असेल आणि मग थांबत असेल. छप्पर कुणाचं ते बघ तू."

वर हसली. मी हसले नाही. त्या दिवसापासून हे कसे कपडे घालून निघतात ते मी बारीक नजरेने बघायला लागले. माझी स्टार्च केलेली कॉलर हे दारातून बाहेर पडेपर्यंत तशीच ठेवायचे, आणि मोटरसायकलपाशी गेले की दोन बोटांनी आत सारायचे. पँटचे पाय पूर्वी बुटात खोचायचे, आता बुटावरून खाली सोडायचे. हातमोजे पूर्वी बाहीवरून चढवायचे, आता बाहीच्या आत. इतक्या वर्षांच्या सवयी पुरुषमाणूस आपण होऊन बदलत नाही. कुणीतरी शिकवलेलं होतं. आणि कुणीतरी सांगितलेलं ह्या माणसाने ऐकलं होतं, हे त्याहून वाईट.

सुट्टीला रेनकोट धुवायला घेतला आणि हात थांबला. बाईचं नशीब असं की तिचा धंदाच कपड्यांचा. दुसरीला कळलं नसतं. पावसात चाललेल्या मोटरसायकलवाल्याच्या पँटवर चिखल कुठे उडतो हे मला तोंडपाठ आहे. डाव्या पोटरीवर जास्त, पाठीला कमरेखाली पट्टा, गुडघ्यावर काळे शिंतोडे. ह्या पँटवर काही नव्हतं. मागच्या सुट्टीला मी घातलेली रेघ जशीच्या तशी. म्हणजे आठवडाभर हा रेनकोट ह्यांनी अंगाला लावलाच नव्हता. नुसता घरी आणून मला धुवायला देत होते, आणि मी खुळी तो धूत होते.

मग माझ्या डोळ्यांदेखत गाडीपाशी अंगात चढवायचे तो राखाडी रेनकोट कुठला?

हे झोपलेले बघून मी जिन्याखाली गेले. भर दुपार होती, पण ढगांनी अंधारलेलं. मोटरसायकलवर नवं आवरण होतं, ते मी पाहिलं होतं, पण आवरणात काय बघायचं म्हणून सोडून दिलं होतं. उचललं. आत हँडलवर दुसरा रेनकोट टांगलेला. तसाच राखाडी, तोच साइझ, डाव्या पोटरीवर चिखल. वर ओलसर, पण पाण्याचे थेंब अजून वेगवेगळे उभे होते, आणि मी झटकला तसे सगळे घरंगळून खाली पडले. आत हात घातला. आत खडखडीत कोरडं. शिवणींवर आतून पट्ट्या चिकटवलेल्या, अशा सरळ की मीसुद्धा नाव ठेवू नये. आणि गळ्याशी आतल्या बाजूने एक मऊ पट्टी शिवलेली होती.

त्या पट्टीपाशी माझा धीर सुटला. ह्यांच्या मानेला खरखरीत कापड सोसत नाही. लालबुंद चट्टे उठतात. हे लॅबमध्ये कुणाला माहीत नाही, ह्यांच्या बहिणीला माहीत नाही, हे कुणाला सांगायचे नाहीत. मला माहीत आहे, कारण मी बायको आहे, आणि स्टार्चची कॉलर टोचू नये म्हणून शर्टांना आतून मऊ सुती पट्टी मीच लावते. आणि आता आणखी कुणा बाईला माहीत होतं. बाईच, कारण टाके बाईचे होते, बारीक आणि आतल्या बाजूला लपवलेले. मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले, आणि रडताना ते टाके मोजत नव्हते, नुसते बघत होते, किती चांगले आहेत म्हणून.

आवरणाच्या काठाला जाड निळा दोरा होता, मेण लावलेला. तो मी ओळखला. आमच्या दुकानापुढचं कापडी छप्पर ज्या दोऱ्याने शिवलंय तोच. गोदामांच्या रांगेत तंबूवाल्याचं दुकान आहे तिथला. म्हातारा तंबूवाला वारल्यावर त्याची मुलगी बसते असं ऐकलं होतं. कानामागून आली आणि तिखट झाली! बघितलेलीसुद्धा नाही, पण त्या क्षणापासून मी तिला पाण्यात पाहू लागले.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीच्या ढकलगाडीची कापडी झोळी मी स्वतःच्या हाताने फाडली आणि शिवायला घेऊन निघाले. छत्री होती, तरी पोचेपर्यंत खांद्यापर्यंत भिजले. मनात सगळं बोलणं तयार होतं. त्यात दोन-तीन वाक्यं अशी होती की मीच चालता चालता खूश झाले.

तंबूवालीचं दुकान म्हणजे एक मोठी उंच खोली, जमिनीवर ताडपत्रीचे डोंगर, त्यात एक अवजड शिलाई मशीन आणि शेजारी पट्ट्या चिकटवायचं गरम हवेचं यंत्र. भिंतीला खिळ्यांवर रेनकोट टांगलेले. आणि मधोमध सुतार वापरतात तसला लाकडी घोडा, त्यावर एक जाडा पेपरवाला पाय टाकून बसलेला, डोक्याला हेल्मेट, अंगात रेनकोट, दोन्ही हात पुढे करून एक आडवी नळी धरलेली, जणू गाडीच चालवतोय. मागे स्टुलावर बाई उभी. माझ्याच वयाची, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात झाडांना पाणी घालायची झारी. ती त्याच्यावर पाणी ओतत होती. आधी खांद्यांवर, मग छातीवर, मग मांडीत.

"कुठे ओलं लागतंय?"

"मांडीत."

"डावीकडे की मध्ये?"

"मध्ये."

ती खाली उतरली, खडूने खूण केली, बाहीत हात घालून चाचपलं, गळ्यात दोन बोटं घालून चाचपलं. मला पेपरवाला दिसेनासा झाला. त्या घोड्यावर मला आमचे हे दिसायला लागले, हात पुढे धरून बसलेले, आणि ही बाई त्यांच्या गळ्यात बोटं घालून विचारतेय. माझ्या कानशिलापासून तळपायापर्यंत आग झाली. तयार केलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली.

पेपरवाला गेल्यावर तिने झोळी हातात घेतली. "ही कापलेली आहे. झिजून फाटली तर कडेला बारीक सूत निघतं."

"शिवून द्या म्हणजे झालं," मी म्हटलं. "तुमच्याकडे दातांच्या लॅबचा एक माणूस येतो का? मोटरसायकलवाला?"

"दातवाला? येतो की! बोलका माणूस."

बोलका! मी दारातल्या ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर बसलेच.

"काय बोलतो?"

"काय नाही? पहिल्यांदा आला तेव्हा घोड्यावर बसवला तर एकेक शिवण सांगत होता, इथून येतं, मग इथून खाली जातं, पुलावर वेग घेतला की गळ्यातून येतं. असं नीट सांगणारं गिऱ्हाईक मिळत नाही हो. बाकीचे नुसतं म्हणतात, गळतो." तिने झोळीत सुई घातली. "पण त्याच्या रेनकोटाची दशा! मी आजवर असलं काही पाहिलं नव्हतं. कुणीतरी त्याला इस्त्री केली होती."

मी छत्रीचं पाणी दाराबाहेर झटकायला लागले.

"रेनकोटाला इस्त्री! मधोमध रेघ! आत एक पातळ पडदा असतो, त्यावरच सगळी मदार. गरम इस्त्री फिरली की तो सुटतो, रेघेवर चिरतो, शिवणीवरची पट्टी उचलते. त्यात पावडर आणि ते वासाचं पाणी. साबण कापडात राहिला की कापड पाणी झटकायचं सोडून प्यायला लागतं. वर सुती कॉलर गळ्याबाहेर. दिव्याची वात तेल ओढते तशी ती पाणी आत ओढते. मी त्याला म्हटलं, हा रेनकोट गळत नाही, ह्याचा कुणीतरी खून केलाय. कुठल्या लाँड्रीत देता?"

"मग? काय म्हणाला?"

"नावच सांगेना. म्हणे, चांगली लाँड्री आहे, शहरातली सगळ्यात चांगली. मी म्हटलं, डोंबल! लाँड्री बदला. तर म्हणतो कसा, ते होणार नाही." तिने दोरा दाताने तोडला. "मला रागच आला. गेल्या साली छाती भरली होती म्हणे त्याची, तरी ते होणार नाही! मग त्यानेच तोड काढली. म्हणे, असाच दुसरा शिवून द्या, तो नवा मी गाडीपाशी ठेवीन, आणि हा जुना लाँड्रीत जात राहील. बिचाऱ्या लाँड्रीवाल्याला वाईट वाटू नये म्हणून माणूस दोन-दोन रेनकोट बाळगतो. असली गिऱ्हाइकं मला का मिळत नाहीत?"

पावसाचा आवाज पत्र्यावर चालूच होता. मग म्हटलं, "ती लाँड्री माझी आहे."

तिने सुई थांबवली. माझ्याकडे, माझ्या हातांकडे बघितलं. पाण्याने सुरकुतलेल्या बोटांकडे.

"म्हणजे तुम्ही बायको?"

"हो."

माफी वगैरे मागणारी ती नव्हती, आणि मागितली असती तर मी तिचा आणखी राग केला असता. म्हणाली, "रेघ मात्र सरळ होती हो. मला जमली नसती."

"आणि गळ्याची पट्टी?"

"त्याला सुती हवी होती. म्हणे, घरच्या शर्टांना आतून अशीच असते, तशीच लावा. सुती पाणी पिते म्हणून मी न पिणारी मऊ नकली लोकर शोधून लावली. त्यावरून वाद घातला माझ्याशी."

वादसुद्धा! माझ्याशी आजवर ह्यांनी एकदाही वाद घातला नव्हता. संशय फिटला होता, पण जळणं कमी व्हायला तयार नव्हतं, उलट आता त्याला नेमकी जागा सापडली होती. ती बाई सवत नव्हती, ते मला कळलं. पण तिच्या घोड्यावर बसून माझा नवरा जे बोलला ते माझ्या घरात बसून बोलला नव्हता. आपल्या बायकोने आपल्याला इतकी वर्षं भिजवलं, आजारी पाडलं, हे परक्या बाईला माहीत आणि मला नाही. येताना बाजारातून मी एक झारी विकत घेतली. तिच्या झारीपेक्षा मोठी.

संध्याकाळी हे आले तेव्हा मी जिन्याखालीच उभी होते. आवरण माझ्या हातात. ह्यांनी ते बघितलं, अंगातला रेनकोट बघितला, आणि काही लपवण्यासारखं उरलं नाही म्हणून इंजिन बंद करून तसेच सीटवर बसून राहिले.

"तंबूवालीकडे गेले होते," मी म्हटलं.

मान हलली.

"मान हलवू नका! तिच्याशी बोलता, वाद घालता, आणि मी इथे चहा हवा का विचारलं तर मान! इतकी वर्षं माझ्या धुण्याने भिजलात, छाती भरली तुमची, मी कंपन्यांना शिव्या घालत हिंडले, दुकानदाराशी भांडून आले. एका शब्दाने सांगायला काय झालं होतं? जीभ झिजली असती?"

हे हेल्मेटचा पट्टा सोडत राहिले. सुटत नव्हता. मग हळूच म्हणाले, "तिने विचारलं."

"काय विचारलं?"

"कुठे ओलं लागतंय म्हणून. तू कधी विचारलं नाहीस. तू म्हणायचीस, कंपनी बोगस आहे."

ह्या माणसाला दातखीळ बसलेली असते तेच बरं. एकदा तोंड उघडलं आणि माझं तोंड बंद केलं. मी विचारलंच नव्हतं. मला वाटायचं, मी पुसते, पिळते, बडबडते, म्हणजे मला सगळं माहीत आहे. मला फार लागलं ते. मी आत निघून गेले आणि इस्त्री न करता दोन डॉक्टरांचे कोट तसेच गठ्ठ्यात बांधून ठेवले, नंतर पुन्हा सोडून इस्त्री केले, कारण धंदा तो धंदा. माझा रेनकोट, म्हणजे रेघेचा, मी दुकानाच्या काउंटरवर टाकायला घेतला. तो पाणी अडवत नाही, पण धूळ अडवेल.

सुट्टीच्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत मी धुण्याच्या फरशीवर लाकडी बाक ओढला.

"बसा."

"कशाला?"

"पाय टाकून बसा, गाडीवर बसल्यासारखे. रेनकोट घालून. तिचा."

हे चक्रावले, पण बसले. हेल्मेट चढवलं. हात पुढे धरायला काही नव्हतं, मी कपडे वाळत घालायची काठी दिली. मी स्टुलावर चढले, झारी भरून घेतली आणि खांद्यावर धार धरली. पाणी कापडाला न शिवता मण्यांसारखं घरंगळत फरशीवर पडत होतं. बाईचं काम चोख होतं, मला दिसत होतं, आणि पोटात दुखतही होतं.

"कुठे ओलं लागतंय?" मी विचारलं. आवाज जरा चिरका निघाला.

ह्यांनी काठीवरची पकड बदलली. मग म्हणाले, "खांद्यावर. डाव्या."

मी खाली उतरले, गळ्यातून हात आत घातला, खांदा चाचपला. कोरडा ठणठणीत.

"कोरडा आहे की."

"जरा खाली बघ."

खाली बघितलं. पुन्हा स्टुलावर, पुन्हा धार. "आता?"

"आता छातीत. थेंब थेंब येतंय."

पुन्हा हात आत. छाती उबदार, बनियन कोरडा, खाली काळीज नेहमीपेक्षा जलद चाललेलं. मग पाठीत लागायला लागलं. मग उजव्या काखेत. मी प्रत्येक वेळी चढत होते, उतरत होते, चाचपत होते, आणि हे तेवढ्यात सांगत होते की टेकडीवरच्या डॉक्टरने त्या किंचाळणाऱ्या बाईला काढून टाकलं, आता स्वतःच किंचाळतो. इतक्या दिवसांचं सगळं साचलेलं होतं.

ह्यांना कुठेच ओलं लागत नाहीये हे मला उमजलं तेव्हा माझा हात ह्यांच्या मानेशी, त्या लोकरीच्या पट्टीवर होता. आणि माझा स्वभाव कसला, आनंद व्हायच्या आधी मला तो लाकडी घोडाच आठवला.

"एक खरं सांगा," मी म्हटलं. "तिच्याकडेही असंच सांगत होतात? इथे ओलं, तिथे ओलं?"

"छे," हेल्मेटच्या आतून हे म्हणाले. "तिच्याकडे सगळं खरं सांगितलं."

झारीत अजून अर्धं पाणी होतं. मी ह्यांच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून घेतलं, जॅकेटची चेन बेंबीपर्यंत खाली ओढली आणि ते सगळं पाणी आत ओतलं.